अंदमानला जायचंय? आधी बोट बघा, मग भरती-ओहोटी, मग बाकीचं सगळं

आम्ही पहिल्यांदा अंदमानला गेलो तेव्हा हॅवलॉक आणि नील ही दोन बेटं मुद्दाम शेवटी ठेवली होती, म्हणजे ट्रिपचा शेवट छान होईल, आणि नीलहून दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी विमान, असा हिशोब. कागदावर सगळं नीट बसत होतं. पण आदल्या रात्री वारा सुटला, सकाळी जेटीवर पोचलो तर खासगी बोटी रद्द, मग आईला बॅगांवर बसवून मी सरकारी बोटीच्या तिकिटाच्या रांगेत अडीच तास उभा, आणि मागे एक जोडपं होतं त्यांचं विमान त्याच दिवशी दुपारी होतं, त्यांचं तर गेलंच. आम्हाला शेवटच्या बोटीत जागा मिळाली म्हणून निभावलं. त्यानंतर अजून दोनदा जाऊन आलोय आणि आता कुणी विचारलं की मी स्पॉटची यादी सांगत बसत नाही, आधी बोटीचं आणि पाण्याचं गणित सांगतो, कारण ते जमलं की बाकी अंदमान आपोआप जमतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, ज्या क्रमाने तुम्हाला करायचंय त्याच क्रमाने.

१. तारीख ठरवताना कॅलेंडरमध्ये तिथी बघा

सीझन ढोबळमानाने डिसेंबर ते एप्रिलचा मध्य. मान्सून तिथे आपल्या आधी येतो, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, त्यामुळे मेच्या सुट्टीत जायचं असेल तर अगदी पहिल्याच आठवड्यात जा, नाहीतर नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं, म्हणजे दिवाळीची ट्रिप थोडी नशिबावर असते. मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च सगळ्यात भारी, समुद्र शांत, पाणी काचेसारखं आणि नाताळची गर्दी ओसरलेली.

आता तिथीचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण उधाणाला ओहोटीसुद्धा तेवढीच खोल जाते, आणि नील बेटावरचा नैसर्गिक दगडी पूल, तिथली खडकांतली डबकी हे सगळं ओहोटीलाच नीट दिसतं. शिवाय हॅवलॉकला रात्री पाणी हलवलं की निळसर चमकतं ते बघायचं असेल तर काळोख पाहिजे, चांदणं असेल तर काही दिसत नाही. म्हणजे अमावास्येच्या आसपासचे चार दिवस साधले तर दोन्ही कामं होतात. फक्त आपल्याकडचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब (तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ) तिथे लावू नका, भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याला वेगळी असते, तिथलं टाइड टेबल नेटवर बघा किंवा हॉटेलवाल्याला विचारा, तो तोंडपाठ सांगतो. आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे लक्षात ठेवा, काल कुणी अमुक वाजता गेलं म्हणून आज तुम्ही त्याच वेळेला जाऊ नका.

२. दिवस किती आणि क्रम काय

सहा रात्री कमीत कमी, आठ असतील तर मजा. चार रात्रींचं पॅकेज घेऊ नका प्लीज, त्यात अर्धा वेळ जेटीवर आणि गाडीत जातो.

क्रम असा: पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरायचं, तिथे एक रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे दोन किंवा तीन रात्री. मग नील, एक रात्र चालते पण दोन असाव्यात. मग परत पोर्ट ब्लेअर, आणि विमानाच्या आधी तिथे पूर्ण एक दिवस मोकळा. हा मोकळा दिवस म्हणजे आमचं पहिल्या ट्रिपमध्ये चुकलेलं गणित. त्या दिवसात रॉस आयलंड, चिडिया टापूचा सूर्यास्त अशा गोष्टी ठेवा ज्या बोट रद्द झाली तर सोडून देता येतील. रॉस बुधवारी बंद असतं आणि वंडूरचा मरीन पार्क सोमवारी, तेव्हा वार बघून ठरवा आणि जाण्याआधी एकदा खात्री करा.

दिवसाचं घड्याळ पण बदलावं लागतं. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे पण घड्याळ भारताचंच, त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि उजाडतंही लवकर. आपल्या सवयीने नऊला नाश्ता करून अकराला बाहेर पडलात तर हातात जेमतेम सहा तास राहतात. पहाटे पाचला उठा आणि रात्री नऊला झोपा, तिथे सगळे तेच करतात.

३. बुकिंग करताना: विमान, मग बोट, मग हॉटेल

बहुतेक लोक विमान झालं की लगेच हॉटेल करतात आणि मग बोटीची वेळ जुळत नाही. बोटीचं तिकीट हातात येईपर्यंत हॉटेलचे पैसे भरू नका, निदान कॅन्सल होणारं तरी घ्या.

विमानाचं म्हणाल तर मुंबई-पुण्याकडून बहुतेक वेळा चेन्नई, बंगळुरू, कोलकाता किंवा हैदराबादला बदलून जावं लागतं. चेन्नईहून साधारण सव्वादोन तास लागतात. उतरताना खिडकीची सीट मिळाली तर घ्याच, आधी नुसता निळा समुद्र आणि मग एकदम हिरवी बेटं त्यांच्या भोवती फिकट हिरव्या पाण्याची किनार, ते बघून आमच्या रांगेतले सगळे गप्प झाले होते. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जातं पण त्याला तीन-एक दिवस लागतात, वेळ भरपूर असेल आणि समुद्र लागत नसेल तरच.

नावांचा गोंधळ इथेच मिटवून टाका. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप आणि रॉस म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही नावं ३० डिसेंबर २०१८ ला बदलली, आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. बोलताना लोक अजून जुनीच नावं घेतात पण तिकिटावर नवीन असतात, आमच्या ग्रुपमधल्या एकाने स्वराज आणि शहीद उलटसुलट करून तिकिटं काढली होती. तारीखही उगाच निवडलेली नाही, १९४३ साली ३० डिसेंबरलाच नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता, आणि अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज ही नावं त्यांनीच सुचवली होती. हॅवलॉक आणि नील हे तर १८५७ चा उठाव मोडणारे इंग्रज सेनानी, त्यामुळे मला नवीन नावं मनापासून आवडतात.

बोटी दोन प्रकारच्या. खासगी म्हणजे मॅक्रुझ, नॉटिका, ग्रीन ओशन वगैरे, एसी, दीड-दोन तासात हॅवलॉक, साधारण दीड ते दोन हजार तिकीट, ऑनलाइन आरामात मिळतं. सरकारी बोट खूप स्वस्त, वेळ जास्त, आणि डेकवर उभं राहता येतं, ते सुख खासगीच्या बंद एसीत बहुतेक मिळत नाही. माझा सल्ला, जाताना खासगी घ्या म्हणजे वेळ वाचेल, आणि एखादा टप्पा जमलं तर सरकारीने करा. सीझनला महिनाभर आधी तरी काढून ठेवा.

परमिटचं टेन्शन घेऊ नका, भारतीय पर्यटकाला या नेहमीच्या बेटांसाठी ओळखपत्र पुरतं. निकोबारला मात्र पर्यटकांना सहजासहजी जाता येत नाही, तिकडचा विचार सोडून द्या.

४. बोटीच्या दिवशी

तासभर आधी जेटीवर पोचा, ओळखपत्र वर ठेवा, तिकिटाची प्रिंट जवळ असू द्या कारण जेटीवर नेटचा भरवसा नाही. पोर्ट ब्लेअरला खासगी बोटी हॅडो जेटीवरून आणि सरकारी फिनिक्स बे वरून सुटतात, रिक्षावाल्याला नीट सांगा. मळमळीची गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा-एक तास आधी घ्यायची. पोट रिकामं नको आणि गच्चही नको, दोन इडल्या पुरे. सीट शक्यतो मधली किंवा मागची, पुढच्या बाजूला आपटतं जास्त. त्रास व्हायला लागला तर मोबाईल बंद करून लांब क्षितिजाकडे बघत राहा, मुलांना तर मोबाईल देऊच नका.

५. पहिली दुपार: सेल्युलर जेल

हे पहिल्याच दिवशी करा असं मी आग्रहाने सांगतो. नंतर सगळे समुद्र बघून झाल्यावर तिथे गेलं की मन लागत नाही, आणि ही जागा घाईत बघायची नाही. १८९६ ला बांधायला घेतला, १९०६ ला पूर्ण झाला, मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या निघायच्या, त्यातल्या आता तीन उरल्यात. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहराच दिसू नये.

तिथे एक गोष्ट थांबून बघा, दाराची कडी. कडीचा दांडा लांबलचक आहे आणि तो दाराच्या बाजूला भिंतीत केलेल्या खोबणीत जाऊन बसतो, कुलूप तिथे आत. गजांतून हात कितीही लांब केला तरी पोचत नाही. मी हात घालून बघितला. खांद्यापर्यंत गेला आणि बोटं नुसती भिंतीवर फिरत राहिली. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, ४ जुलै १९११ ला त्यांना इथे आणलं आणि १९२१ पर्यंत ते इथे होते, आणि बाबाराव, त्यांचे सख्खे थोरले भाऊ, त्याच जेलमध्ये असून सुरुवातीला बराच काळ दोघांची भेट झाली नाही. खाली अंगणात कोलू आहे, नारळाचं तेल काढायचा घाणा, बैलाच्या जागी माणूस. आई तिथे बराच वेळ उभी होती, काही बोलली नाही, फक्त चप्पल काढून ठेवली होती.

संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो हिंदी आणि इंग्रजीत असतो, तिकीट आधी काढा, हिंदीचं लवकर संपतं.

६. हॅवलॉक

जेटीवर उतरलं की स्कूटर भाड्याने घ्या, साधारण पाचशे-सहाशे रुपये दिवसाला, लायसन्स लागतं. सोबत वडीलधारे असतील तर रिक्षा ठरवा. हॉटेल गोविंदनगर किंवा विजयनगरच्या बाजूला बघा, खाण्यापिण्याच्या जागा तिथेच आहेत.

राधानगर, ज्याला सात नंबर बीच म्हणतात, जेटीपासून दहा-बारा किलोमीटर. २००४ साली टाइम मासिकाने त्याला आशियातला सगळ्यात सुंदर किनारा म्हटलं होतं आणि २०२० ला स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना देतात तो ब्लू फ्लॅग पण मिळाला. तिथे संध्याकाळी साडेचारला गर्दी लोटते, तुम्ही तीनला जा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. सूर्य बुडाला की नव्वद टक्के लोक गाड्यांकडे पळतात आणि खरा रंग त्यानंतर वीस मिनिटांनी येतो, ओल्या वाळूत आकाश उतरलेलं दिसतं, मागे उंच झाडांची काळी भिंत. पोहायचं तर लाइफगार्डने आखून दिलेल्या जागेतच, आणि मगरीचे बोर्ड लावलेत ते गंमत म्हणून नाहीत, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरोखर आहेत, मुख्यतः खाडीच्या आणि तिवरांच्या बाजूला. तिकडे पाण्यात पाय घालू नका.

एलिफंट बीचला जेटीवरून बोटीने किंवा जंगलातून पायी जाता येतं, पाऊण तासाची वाट आहे, पाऊस पडून गेला असेल तर चिखल फार. सकाळची पहिली बोट घ्या. स्नॉर्कलिंग इथे पहिल्यांदा करणाऱ्याला छान जमतं. कोरल (प्रवाळ) मात्र बऱ्याच ठिकाणी पांढरं पडलेलं दिसेल. कोरल हा जिवंत प्राणी आहे, त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याला रंग आणि बरंचसं अन्न त्यातूनच मिळतं, पाणी जास्त तापलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढरं पडतं. २०१० मध्ये अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं होतं. त्यामुळे जे उरलंय त्यावर उभे राहू नका, फिनचा (पायात घालायच्या पोहण्याच्या वल्ह्यांचा) फटका लागू देऊ नका, आणि सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट घाला, तो उन्हालाही बरा आणि पाण्यालाही.

स्कूबा करायचंच असेल तर हॅवलॉकलाच करा. पोहता येत नसलं तरी पहिली डाइव्ह होते, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून असतो, साधारण साडेतीन ते पाच हजार. सर्दी असेल तर करू नका, कान उघडत नाहीत आणि फार दुखतात. दमा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि फॉर्मवर खरं लिहा. आणि डाइव्हनंतर निदान अठरा तास, शक्यतो पूर्ण एक दिवस विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन बाहेर यायला बघतो. क्रमात हॅवलॉक आधी ठेवायचं हे अजून एक कारण.

७. नील

नील छोटं आहे, सायकलवर होतं. भाजीपाला पिकवणारं बेट आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं, केळी, सुपारी, आणि लोक बहुतेक बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या कुटुंबांतले. बीचची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, आईला ते फार आवडलं. सीतापूरला सूर्योदय, लक्ष्मणपूर एक नंबरला सूर्यास्त.

लक्ष्मणपूर दोन नंबरला तो दगडी पूल आहे आणि तिथेच ओहोटीचं सगळं गणित कामाला येतं. ओहोटीच्या तासभर आधी पोचा, स्थानिक गाइड घ्या, थोडेच पैसे घेतो आणि त्याच्याशिवाय तुम्हाला नुसते दगड दिसतील. आमच्या गाइडने एका परातीएवढ्या डबक्यापाशी बसवलं आणि म्हणाला, हलू नका. पहिले दोन मिनिटं काहीच नाही. मग जो दगडाचा तुकडा वाटत होता तो सरकला, तो समुद्री काकडी निघाला, मग एक निळीजर्द बोटभर मासोळी खाली गेली, आणि कपारीत जांभळ्या ओठांचा मोठा शिंपला होता, वरून सावली पडली की झटकन मिटायचा. लेकीने त्या एका डबक्यापाशी पाऊण तास काढला. पायात मागून पट्टा असलेले पाण्यात चालणारे बूट हवेतच, मेलेलं कोरल ब्लेडसारखं कापतं, आणि पाणी चढायला लागलं की गाइड निघा म्हणाला की निघायचं, फोटो राहिला तरी.

८. बाराटांगला जायचं का

बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी आणि तिवरांच्या बोगद्यातून जाणारी बोट, हे सगळं खरंच सुंदर आहे. पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, पहाटे तीनला निघून जिरकाटांगला गाड्यांच्या ताफ्यात लागायचं, मधे थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, फोटो काढायचे नाहीत, काही द्यायचं नाही. यातलं काही केलं तर १९५६ च्या आदिवासी संरक्षणाच्या नियमानुसार गुन्हा ठरू शकतो. काही गाडीवाले "दिसले तर नशीब" असं म्हणतात, ते ऐकून मला फार वाईट वाटलं होतं. ती माणसं आहेत आणि तो त्यांचा घरचा रस्ता आहे. आम्ही तिसऱ्या ट्रिपला हा भाग गाळला आणि त्याऐवजी वंडूरहून जॉली बॉयला गेलो, तिथे प्लास्टिक अजिबात चालत नाही, बाटलीसाठी डिपॉझिट घेतात, आणि कोरल मी पाहिलेल्यांपैकी सगळ्यात चांगलं. ते बेट वर्षातले काहीच महिने उघडं असतं, बाकीचे महिने रेड स्किन, दोघांना आलटून पालटून विश्रांती. परमिट वनखात्याचं लागतं, आदल्या दिवशीच काढा.

९. पैसे, नेट, सामान

कॅश पोर्ट ब्लेअरलाच काढा, बेटांवर एटीएम मोजके आणि कधीकधी रिकामे. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० ला आल्यापासून नेट बरंच सुधारलंय, युपीआय चालतं, पण चाललं नाही तर नाश्त्याला पैसे हवेत. सामानात टॉर्च, ओआरएस, मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि संध्याकाळी लावायला डासांचं क्रीम. किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाज राहते, वाळूत थेट न बसता चटई घ्या. शाकाहारी लोकांचं काही अडत नाही, पण नीलला रात्री आठनंतर जेवण शोधू नका.

१०. परत निघताना

शंख, शिंपले, कोरलचा तुकडा, काहीच उचलायचं नाही, मेलेलं असलं तरी. कोरलला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅग मशीनमधून जाते तेव्हा ते स्पष्ट दिसतं. शिंपल्याच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या आणि बिल जपून ठेवा. आमच्या पुढच्या रांगेत एका मुलाच्या सॅकमधून मूठभर पांढरे तुकडे निघाले, त्याला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं, ते सगळे तिथल्या पेटीत गेले आणि तो रडत विमानात बसला. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना मुलांचे खिसे, सॅकचे बाहेरचे कप्पे आणि बुटांचे तळ एकदा नीट झटकून घ्या.